वहिनीने परत मागितलेला पेपर

आमच्या घरात शास्त्रज्ञ एकच, आणि तीही लग्न करून आलेली. आमचा स्वतःचा मगदूर तेवढा नाही. दादा शाळेत भूगोल शिकवतो, मी चष्म्याचं दुकान चालवतो आणि आई आम्हा दोघांना अजून अक्कल शिकवते. वहिनी घरात आली तेव्हा आईने सगळीकडे सांगून टाकलं की सून डॉक्टर आहे. मग लोक गुडघे दाखवायला यायला लागले. वहिनी प्रत्येकाला शांतपणे सांगायची, ‘मी ती डॉक्टर नाही.’ मग कुठली, हे मात्र तिला दोन वाक्यांत कधी सांगता आलं नाही, आणि गुडघा दुखत असताना माणसाला दोनापेक्षा जास्त वाक्यं ऐकायची नसतात.

इतकी वर्षं ऐकून ऐकून मला जे समजलं ते असं. माणसाचं थोडं रक्त घेतलं की त्यातली हजारो जनुकं त्या वेळी किती काम करतायत, हे आकड्यांत काढता येतं. कोणतं जोरात आहे, कोणतं गप्प आहे. हे आकडे काढणारे लोक वेगळे. वहिनीचं काम त्यानंतर सुरू होतं. आजारी माणसांचे आकडे एका बाजूला, धडधाकट माणसांचे दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींत नेमका फरक कुठे आहे ते शोधणारा प्रोग्रॅम लिहायचा. रक्त तिने कधी जवळून पाहिलेलं नाही. कॉलेजात बेडूक कापायची वेळ आली तेव्हा ती चक्कर येऊन पडली आणि तिथूनच तिने कॉम्प्युटरची वाट धरली, असं दादा सांगतो. ती म्हणते, चक्कर नव्हती, मळमळ होती. शास्त्रज्ञांना असे फरक महत्त्वाचे वाटतात.

तिची संस्था शहराच्या कडेला आहे. त्या इमारतीत यंत्रांच्या खोलीला गारवा आणि माणसांच्या खोलीला पंखा. वहिनीचं टेबल खिडकीशी, आणि खिडकीबाहेर जनरेटर. पलीकडे पाठीला पाठ लावून तिचा सहकारी बसतो. त्याची पेन्सिलसुद्धा कागदाच्या कडेला समांतर असते, म्हणून मी त्याचं नाव टापटीप ठेवलं. वहिनी त्यावरून मला रागावली होती, पण घरी आता तीही तेच म्हणते.

दोघंही कराराने नेमलेले. दरवर्षी करार संपायचा आणि दरवर्षी वाढायचा. मधले काही दिवस वहिनीचं ओळखपत्र दारावरच्या यंत्रात चालायचं नाही, आणि तिला रोज ‘नमस्कार मॅडम’ म्हणणारा पहारेकरी तिला पाहुण्यांच्या रांगेत उभं करायचा. त्याचा काही दोष नव्हता. पण वहिनीला त्या रांगेचा मनापासून तिटकारा होता. ‘एवढी वर्षं मी इथे काम करते,’ ती म्हणायची, ‘आणि दरवर्षी मला कोणाकडे जायचंय म्हणून विचारतात.’

शेवटी एक कायमची जागा निघाली. एकच. विभागाच्या प्रमुखांना सगळे मोठे सर म्हणतात. त्यांनी वहिनीला बोलावून स्पष्ट सांगितलं, ‘त्या जर्नलमध्ये तुझा पेपर लागू दे. पहिलं नाव तुझं. मग समितीपुढे मला बोलायला तोंड राहील.’ ते जर्नल म्हणजे तिच्या कामाच्या लोकांत मानाचं. कॉम्प्युटरने जीवशास्त्र करणारे सगळे तिकडे डोळे लावून बसलेले असतात, आणि बहुतेकांच्या तोंडाला पानंच पुसली जातात. वहिनीचेही आधीचे दोन पेपर तिथून सभ्य भाषेत परत आले होते.

पेपर पाठवणं म्हणजे कागद पाकिटात घालून तिकीट चिकटवणं, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ती एक वेबसाइट असते आणि तिला दयामाया नसते. चित्र दिलं की ते फार मोठं आहे म्हणते. लहान केलं की आता अस्पष्ट आहे म्हणते. विचार करायला जरा थांबलं की बाहेर काढते आणि पुन्हा पासवर्ड मागते. संपादकांना एक नम्र पत्र लिहायचं, प्रत्येक सहलेखकाने नक्की काय केलं ते सांगायचं, परीक्षक म्हणून कोण चालतील ते सुचवायचं आणि कोण चालणार नाहीत तेही. ‘हा शेवटचा रकाना चांगला आहे,’ मी म्हणालो. ‘लग्नाच्या आमंत्रणांनाही हवा होता.’ वहिनी हसली नाही. ती तेव्हा संदर्भांच्या यादीतले स्वल्पविराम मोजत होती.

त्या जर्नलच्या दोन नियमांमुळे माझा या शास्त्रात शिरकाव झाला. पहिला नियम, पेपरसोबत सामान्य वाचकाला कळेल असा छोटा सारांश हवा. वहिनी तो मला वाचून दाखवायची आणि मी जिथे जांभई देईन तिथे खूण करायची. दुसरा नियम, प्रोग्रॅम आणि आकडे सगळे खुले ठेवायचे, म्हणजे कुणालाही ते आपल्या यंत्रावर चालवून तेच उत्तर मिळायला हवं. हा नियम बहुतेक लोक कागदापुरता पाळतात म्हणे. वहिनीने तो अंगाला लावून घेतला. तिने स्वतःची एक रीत पाडली. पेपर पाठवण्याआधी, ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही अशा माणसाने, संस्थेबाहेरच्या यंत्रावर, तिने लिहून दिलेल्या सूचना वरपासून खालपर्यंत पाळायच्या. तिने शेजारी हाताची घडी घालून बसायचं आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही.

तो माणूस अर्थात मी. माझ्याइतका निर्भेळ अडाणी तिला संस्थेत शोधून सापडला नसता. मी त्या रीतीला अडाणी चाचणी म्हणायचो. एकदा तिच्या सूचनेत नुसतं ‘फाइल उघडा’ असं होतं आणि मी माझ्या दुकानाच्या हिशोबाची फाइल उघडून बसलो. वहिनी ओठ चावत बघत राहिली, बोलली नाही, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या सूचना नव्याने लिहून आणल्या. मला मात्र उगाचच आपण विज्ञानाची सेवा करतोय असं वाटायला लागलं होतं.

आता तो पेपर. मूत्रपिंडाच्या आजाराचा होता. दोन इस्पितळांनी रक्ताचे नमुने दिले होते. दोन्हीकडचे सारखेच, निम्मे रुग्ण, निम्मे निरोगी. वहिनीला त्यात जनुकांचा एक छोटा गट सापडला. मूत्रपिंड बिघडायच्या बरंच आधी हा गट जोर धरतो, असं दिसत होतं. म्हणजे माणसाला काही दुखायच्या आत रक्तावरून सांगता आलं असतं. हा सारांश वाचताना मी एकदाही जांभई दिली नाही. वहिनीच्या आवाजातही काहीतरी वेगळं होतं. ती सहसा स्वतःच्या कामाविषयी बोलताना किंमत कमी करून सांगते. या वेळी तिने तसं केलं नाही.

मोठ्या सरांना परिषदेला जायचं होतं आणि त्याआधी पेपर गेलेला हवा होता. नेमका त्याच वेळी माझ्या दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरने राम म्हटला होता. म्हणून वहिनीने चाचणी टापटीपकडून करून घेतली. तो अडाणी नव्हता, आणि यंत्रही संस्थेतलंच. पण घाई होती. उत्तर शेवटच्या आकड्यापर्यंत जुळलं आणि पेपर गेला.

मग महिने गेले. तीन परीक्षकांचे अभिप्राय आले. पहिल्याला सगळंच आवडलं होतं. दुसऱ्याला त्याच्या स्वतःच्या पेपरांचे उल्लेख हवे होते. तिसऱ्याने असे प्रश्न विचारले होते की वहिनी ते जेवतानाही पुन्हा पुन्हा वाचायची. ‘तिसरा खरंच वाचतो,’ ती म्हणायची, आणि त्या न पाहिलेल्या माणसाविषयी तिच्या बोलण्यात आमच्यापैकी कुणाच्या वाट्याला न आलेला आदर असायचा. तिने सगळ्यांना उत्तरं दिली, चित्रं बदलली, पुन्हा त्या निर्दय वेबसाइटीवर चढवली. आणि एक दिवस पेपर स्वीकारल्याचा मेल आला.

तिने दादाला फोन केला, पण दादा वर्गात होता. म्हणून मला केला. मी आईला सांगितलं, ही चूकच म्हणायची, कारण आईला आभाळ ठेंगणं झालं. पेपर स्वीकारणं आणि नोकरी कायम होणं यांत आईच्या लेखी काही अंतर नव्हतं. संध्याकाळपर्यंत आमच्या आणि मागच्या रस्त्यावर सून कायम झाल्याची बातमी पोचली होती. वहिनी घरी आली तेव्हा तिचं तीन ठिकाणी अभिनंदन झालेलं होतं. ‘अहो आई, अजून समिती बसायचीय,’ ती म्हणाली. ‘बसेल गं,’ आई म्हणाली. ‘बसायला काय लागतं?’

आता एकच काम उरलं होतं. छापण्याआधी प्रोग्रॅमची आणि फाइलींची शेवटची प्रत जर्नलकडे द्यायची. एका दुपारी, गिऱ्हाइकं नसायच्या वेळी, वहिनी पेनड्राइव्ह घेऊन दुकानात आली. माझ्याकडे आता नवा कॉम्प्युटर होता. ‘भावजी, नुसती रीत म्हणून करायचं,’ ती म्हणाली आणि स्टुलावर हाताची घडी घालून बसली.

मी सूचनांप्रमाणे एकेक पायरी करत गेलो. मध्ये एका आजोबांची चष्म्याची काडी घट्ट करून दिली. उत्तर म्हणून शेवटी एक चित्र यायला हवं होतं: आजारी माणसांच्या लाल ठिपक्यांचा एक पुंजका, निरोगी माणसांच्या निळ्या ठिपक्यांचा दुसरा, मधे मोकळी जागा. ते चित्र मी पेपरात इतक्यांदा पाहिलं होतं की झोपेतही ओळखलं असतं. माझ्या पडद्यावर आलं ते वेगळंच होतं. लाल आणि निळे ठिपके एकमेकांत कालवलेले.

‘मी काही भलतंच दाबलं का?’ मी विचारलं.

वहिनीने तिची रीत मोडली. ‘परत करा,’ ती म्हणाली.

परत तेच आलं. मग तिने मला उठवलं आणि स्वतः केलं. पुन्हा तेच. तिने फाइलींची यादी उघडली. मग माझ्याकडून कागद मागून घेतला आणि अक्षरांच्या तक्त्यासमोर, जिथे गिऱ्हाइकाला बसवून मी नंबर काढतो तिथे बसून, एकेक नाव ताडून पाहायला लागली. मधे दोन गिऱ्हाइकं आली. मी त्यांना उद्या या म्हणालो. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनीही कारण विचारलं नाही.

तिने नंतर मला समजावलं ते मी माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. समजा माझ्याकडे तयार चष्म्यांच्या डब्यांची एक रांग आहे आणि गिऱ्हाइकांच्या नावांच्या चिठ्ठ्यांची एक गड्डी आहे. मी डब्यात न बघता पहिली चिठ्ठी पहिल्या डब्याला, दुसरी दुसऱ्याला अशा लावत गेलो. रांग आणि गड्डी एकाच क्रमाने असतील तर सगळं ठीक. नसतील तरीही प्रत्येक डब्याला चिठ्ठी लागते, एकही उरत नाही, आणि दुकान अगदी व्यवस्थित दिसतं. फक्त प्रत्येकाच्या नाकावर दुसऱ्याचा चष्मा.

वहिनीच्या प्रोग्रॅमने हेच केलं होतं. कोण आजारी आणि कोण निरोगी याच्या चिठ्ठ्या नावांच्या क्रमाने होत्या: आधी सगळे आजारी, मग सगळे निरोगी. माझं यंत्र फाइलीही नावाच्या क्रमाने लावून देत होतं, म्हणून इथे चिठ्ठ्या ज्याच्या त्याला लागल्या. संस्थेतलं यंत्र मात्र ज्या क्रमाने फाइली कधीकाळी भरल्या गेल्या त्या क्रमाने पुढे करायचं: आधी पहिल्या इस्पितळाच्या सगळ्या, मग दुसऱ्याच्या. म्हणजे पहिलं इस्पितळ आजारी ठरलं होतं आणि दुसरं निरोगी. टापटीपचं यंत्र त्याच साठ्यातून फाइली घेत होतं, म्हणून त्याचं उत्तर शेवटच्या आकड्यापर्यंत जुळलं. परीक्षक पेपर वाचतात. चालवून कुणी बघत नाही. तिसऱ्यानेही बघितलं नव्हतं.

‘मग तुझ्या प्रोग्रॅमने शोधलं तरी काय?’ मी विचारलं.

‘दोन इस्पितळांच्या रक्त ठेवायच्या फ्रीजमधला फरक,’ ती म्हणाली.

मला हसू आलं. तीही हसली. मग मी तिच्याकडे पाहिलं आणि माझं हसू जागच्या जागी थांबलं.

प्रोग्रॅमचा तो भाग तिनेच लिहिलेला होता, फार पूर्वी, दुसऱ्या एका कामासाठी, आणि तेव्हापासून तो उचलून प्रत्येक ठिकाणी वापरला होता. दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायची सोयच नव्हती. मी काय म्हणालो ते सांगतो, आणि आजही तेच म्हणेन. मी म्हणालो, ‘वहिनी, हे तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला ठाऊक आहे? आणि मला तर यातलं काही कळत नाही.’

‘तुम्हाला कळलं, हीच तर पंचाईत आहे,’ ती म्हणाली. ‘तुम्हाला कळलं म्हणजे कुणालाही कळेल.’

दुसऱ्या दिवशी ती मोठ्या सरांकडे गेली. सर काही खलनायक नाहीत. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, स्वतः फाइली पाहिल्या, डोक्याला हात लावला. मग म्हणाले, ‘समितीची बैठक तोंडावर आहे. आधी छापून येऊ दे. बैठक झाली की आपण दुरुस्ती पाठवू. दुरुस्त्या सगळेच पाठवतात.’

‘दुरुस्ती म्हणून काय लिहायचं सर? या पेपरात जे सापडलं असं म्हटलंय ते सापडलेलं नाही, असं?’

‘शब्द बघू नंतर.’

‘मधल्या काळात कुणी त्यावर पुढचं काम सुरू केलं तर? रुग्णांचं रक्त घेतील, ती जनुकं शोधत बसतील.’

‘मी तुला नको म्हणत नाहीये,’ सर म्हणाले. ‘थांब म्हणतोय.’

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तिने हे सगळं आम्हाला सांगितलं. दादा पाणी प्यायला, ग्लास खाली ठेवून म्हणाला, ‘तू ठरवलेलं दिसतंय. मग आम्हाला कशाला विचारतेस?’

‘विचारत नाहीये. सांगतेय.’

आईला बराच वेळ काही समजेना. मग एकदम समजलं. ‘म्हणजे मी लोकांना सांगितलं ते खोटं?’ तिने विचारलं. वहिनीने होकारार्थी मान हलवली. आईने ताट उचललं आणि आत नेलं. ती रागावली नव्हती. उद्या कुणाकुणाला तोंड द्यावं लागेल याचा हिशोब तिच्या डोक्यात सुरू झाला होता.

पेपर परत मागणं हेही वाटतं तेवढं सोपं नाही. वेबसाइटीवर पाठवायचं बटण चारदा येतं, परत घ्यायचं कुठेच नाही. वहिनीने मेल लिहिला. उत्तरादाखल यंत्राने तिचं अभिनंदन केलं आणि पेपर लवकरच छापून येईल असं कळवलं. तिने दुसरा लिहिला. यंत्राने पुन्हा अभिनंदन केलं. शेवटी संपादक म्हणून एका जिवंत बाईंचा मेल आला: तुमची खात्री आहे का, आणि सर्व सहलेखकांची संमती आहे का? मोठ्या सरांच्या संमतीवाचून घोडं अडणार होतं. त्यांनी वहिनीला एका शब्दाचा मेल पाठवला, ‘ठीक’. ते अडवू शकले असते, त्यांनी अडवलं नाही. हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

समिती बसली. जागा टापटीपला मिळाली. त्याचा स्वतःचा एक पेपर होता, छोटा, पण सरळ. त्याने वशिला लावला नाही, कपट केलं नाही, त्यामुळे त्याच्यावर रागही धरता आला नाही. निकाल कळला तेव्हा त्याने वहिनीच्या टेबलावरच्या पेन्सिली सरळ करून ठेवल्या. वहिनीने त्याचं अभिनंदन केलं. नंतर तिचा करार संपला आणि काही दिवस ती पाहुण्यांच्या रांगेत उभी राहिली. मग तो वाढला.

घरी आम्ही तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती रडेल, चिडेल, निदान भांडी आपटेल असं वाटत होतं. तसं काही झालं नाही. ती वेळेवर जायची, वेळेवर यायची, आईच्या औषधांच्या वेळा पाळायची, मला चिडवायची. दादा एकदा मला म्हणाला, ‘मनासारखं केलं ना, तिला समाधान आहे.’ मीही मान डोलावली. आम्हाला ते सोयीचं होतं.

तिने ते सगळे नमुने खऱ्या चिठ्ठ्या लावून पुन्हा तपासले. काही निघालं नाही. मग तिने दोन पानांची एक टीप लिहिली. आम्ही असं असं शोधलं असं आम्हाला वाटलं होतं, ते चूक होतं, चूक अशी झाली, ती तुमच्याकडे झाली आहे का हे असं तपासा. मोठे सर म्हणाले, ‘चांगलं लिहिलंयस. माझं नाव नको घालूस.’ टापटीपनेही नाव नको म्हटलं, पण स्वल्पविराम तपासून दिले. त्यामुळे त्या टिपेवर एकट्या वहिनीचं नाव राहिलं. मी अडाणी चाचणी दोनदा केली. तिने ती टीप त्याच जर्नलकडे पाठवली आणि आश्चर्य म्हणजे त्यांनी छापली.

आईने छापलेली पानं हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली. ‘यात काय शोधलंयस?’

‘चूक.’

‘कुणाची?’

‘माझी.’

‘आणि हे छापतात?’ आई म्हणाली. त्यानंतर तिने ती बातमी कुणालाही सांगितली नाही.

टीप मात्र पुष्कळांनी वाचली. कुठून कुठून लोकांचे मेल यायला लागले. कुणी धैर्याचं कौतुक केलं, कुणी आपल्या विद्यार्थ्यांना वाचायला दिल्याचं कळवलं. वहिनी ते मेल मला दाखवायची आणि ‘धैर्य’ हा शब्द आला की नाक मुरडायची. मला वाटायचं, हा विनय आहे.

मग एका शनिवारी ती दुकानात आली आणि तिने फोन माझ्यासमोर धरला. मेल एका अनोळखी मुलीचा होता. कुठल्याशा दूरच्या विद्यापीठात ती पीएचडी करत होती. तिने लिहिलं होतं:

‘मॅडम, तुमची टीप वाचून मी माझा प्रोग्रॅम तपासला. तीच चूक निघाली. आमचा पेपर छापून आलेला आहे, तो आता आम्ही मागे घेतोय. माझी पदवी त्याच पेपरावर होती. मार्गदर्शक माझ्याशी बोलत नाहीत. बाकी सगळे म्हणतात, तू योग्य केलंस. मला मात्र वाटतं की तुमची टीप मी वाचलीच नसती तर बरं झालं असतं. तुम्हाला स्वतःला कधी असं वाटलं का, की हे कळलंच नसतं तर बरं होतं? कृपा करून खरं सांगा.’

‘हिला काय लिहू?’ वहिनीने विचारलं.

मी म्हणालो, ‘लिही की तू योग्यच केलंस, हेही दिवस जातील, मनाला समाधान मिळेल. अजून काय?’

‘हे तिला सगळे सांगतायतच,’ वहिनी म्हणाली.

ती नंबर काढायच्या खुर्चीवर बसली आणि लिहायला लागली. पुष्कळ लिहिलं. मग सगळं पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. मी एका बाईंना फ्रेमा दाखवत होतो. त्या गेल्या तरी हिचं चाललेलंच होतं. शेवटी तिने फोन माझ्याकडे केला. जांभई येते का ते बघा, म्हणाली.

जांभई येण्याइतकं त्यात काही नव्हतंच. तिने लिहिलं होतं, ‘हो, वाटलं. अजूनही वाटतं. रोज नाही, पण वाटतं.’ खाली फक्त नाव.

मी फोन परत दिला आणि तिने मेल पाठवून टाकला. त्या मुलीने विचारलं ते आमच्या घरात तिला कुणीच विचारलं नव्हतं.